गाडी कुठवर आली?

मी मांडवीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून महिन्यातले निम्मे दिवस माझे एसटीच्या वाटेकडे डोळे लावण्यातच जातात, त्यामुळे आजचा विषय मला कुणी सुचवावा लागला नाही. शहरात बसथांब्यांवर आणि रेल्वेच्या फलाटांवर जे दिव्यांचे फलक असतात, 'गाडी ४ मिनिटांत' असं सांगणारे, ते कसे चालतात, त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा आणि ते आपल्या काय कामाचे, हे आज सांगते.

आधी आपल्याकडची एक गंमत. पावस आणि गोळप या दोन गावांत आमचे गट आहेत. रत्नागिरीला येणारी गाडी आधी पावस घेते, मग गोळप. पावसच्या एक वैनी आहेत, त्यांचं घर रस्त्याला लागून. गाडी घरावरून गेली की त्या गोळपच्या मैत्रिणीला मिस कॉल देतात. एक रिंग म्हणजे गाडी गेली. दोन रिंगा म्हणजे गेली, पण भरलेली आहे. मिस कॉल आला की गोळपच्या बायका चूल आवरतात, पिशवी उचलतात आणि रस्त्यावर येतात. पावसाळ्यात त्या आणखी थोडा वेळ धरतात, कारण गाडी हळू येते हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. एका पैशाचा खर्च नाही.

शहरातला फलक नेमकं हेच काम करतो. कुणीतरी गाडी पाहायची, कुणीतरी निरोप पोचवायचा आणि कुणीतरी अंदाज बांधायचा, अशी ती तीन कामं. ही तीन कामं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं सोपं आहे.

पाहण्याचं काम उपग्रह करतात, असं आपण म्हणतो. खरं तर उपग्रह गाडीला पाहत नाही. गाडीत एक लहान डबीसारखं यंत्र असतं. वीस हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की कुठल्या संकेताला यायला किती वेळ लागला यावरून ते यंत्र 'मी इथे आहे' हे स्वतःच काढतं. यात आपल्या देशाचे 'नाविक' उपग्रहही वापरता येतात. दुसरं काम निरोपाचं. त्या यंत्रात आपल्या मोबाइलसारखंच सिमकार्ड असतं. ते थोड्या थोड्या वेळाने गाडीचं ठिकाण मुख्य संगणकाला कळवतं. तिसरं काम त्या संगणकाचं. थांबा किती लांब राहिला, गाडीचा वेग काय, एरवी या वेळेला या रस्त्याला किती वेळ लागतो, हे पाहून तो मिनिटं काढतो आणि फलकावर पाठवतो.

म्हणजे फलकावरचे '४ मिनिटं' हा अंदाज आहे. वचन नव्हे. पुढे सिग्नलला गाडी अडकली, तर तेच ४ दहा मिनिटं हलत नाहीत. आपल्याला वाटतं फलक बिघडला. तो बिघडलेला नसतो, गाडी थांबलेली असते.

हे सगळं मी शिकायला बसले ते एका प्रसंगामुळे. एका मोठ्या शहरात प्रदर्शन होतं. आम्ही सात जणी कोकम, आंबापोळी, फणसाचे गरे घेऊन गेलो होतो. परतीच्या दिवशी दुपारीच स्टँडवर येऊन बसलो. फलक होता, चालूही होता, पण त्यावर सकाळच्याच गाड्या फिरत होत्या. चौकशीच्या खिडकीवर 'येईल, येईल' इतकंच उत्तर. स्वच्छतागृह स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्यातल्या एक काकू, साठीच्या पुढच्या, जागच्या उठल्याच नाहीत. 'मी गेले आणि गाडी आली तर?' एवढंच त्यांचं म्हणणं. जायला नको म्हणून पाणीही प्यायल्या नाहीत. गाडी आली तीन तासांनी आणि त्यापुढे रात्रभराचा प्रवास. घरी आल्यावर त्यांना लघवीची जळजळ, ताप, आठवडाभर औषधं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का प्यायला नाहीत? काकू काही बोलल्या नाहीत. काय सांगणार, फलक चुकीचा होता म्हणून?

पुरुष माणूस गाडीची वाट बघताना चहा मारून येतो, पेपर आणतो, कोपऱ्यावर जाऊन येतो. आपण मात्र सामानावर बसून राहतो, कडेवर मूल असलं तर अधिकच. 'गाडीला अजून ४० मिनिटं आहेत' हे खात्रीने कळलं, तर बाई उठून जाऊन येईल, मुलाला निवांत पाजेल, पाणी पिईल. माझ्या मते या फलकांचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि ते बसवणाऱ्यांना तो सुचलेला असतोच असं नाही.

जगात याची सुरुवात तशी जुनी. लंडनमध्ये १९९२ साली १८ क्रमांकाच्या बसच्या थांब्यांवर असे फलक लावून पाहिले. तेव्हा उपग्रहाऐवजी रस्त्याकडेच्या खांबांवर बसवलेली यंत्रं बस गेल्याचं टिपत. म्हणजे खांब हीच पावसची वैनी! अमेरिकेत सिएटल शहरात २००८ साली विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने बस कुठे आहे ते फोनवर सांगणारी सोय तयार केली. २०११ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे माहिती नव्हती त्यांना आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ थांबलो असं वाटत होतं. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांना तसं वाटत नव्हतं, शिवाय ते थांब्यावर कमी वेळ उभे राहत होते. गोळपच्या बायका अभ्यास न करता हेच सांगतील.

आपल्या महाराष्ट्रात इंडिकेटर म्हटलं की मुंबईची लोकल. तिथे उपग्रहाची गरज नव्हती. रेल्वेचे रूळ तुकड्यातुकड्यांत विभागलेले असतात आणि त्यांतून हलकी वीज सोडलेली असते. गाडीची लोखंडी चाकं त्या तुकड्यावर आली की विजेची वाट बदलते आणि सिग्नलच्या यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे. तीच माहिती इंडिकेटरपर्यंत पोचते. मुंबईला गेलात तर इंडिकेटरवर चार गोष्टी बघा. गाडी कुठे जाणार, तिची वेळ, ती हळू आहे की जलद, आणि किती मिनिटांत येते. जलद गाडी मधली बरीच स्टेशनं सोडते, तेव्हा एफ आणि एस ही दोन इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकून घ्या. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. डब्यांची संख्याही असते, १२ किंवा १५. ती का महत्त्वाची? गाडी लांब असेल तर बायकांचा डबा फलाटावर वेगळ्या जागी येतो, आणि ऐन वेळी पिशव्या घेऊन धावणं म्हणजे जिवाशी खेळ.

पुण्यात २०१५ पासून सुरू झालेल्या बीआरटीच्या 'रेनबो' मार्गांवर थांब्यांत असे फलक आले, आणि २०२४ साली 'आपली पीएमपीएमएल' हे ॲप आलं, त्यात बस नकाशावर दिसते. मुंबईच्या बेस्टसाठी 'चलो' ॲप आहे. आपल्या एसटीने २०१९ पासून गाड्यांना ठिकाण सांगणारी यंत्रं बसवायला घेतली आणि २०२५ साली 'आपली एसटी' हे ॲप काढलं. लेकीच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये ते घेऊन बघा.

याच यंत्राची दुसरी बाजू आपल्याशी थेट संबंधित आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण सांगणारं यंत्र आणि त्याला जोडलेलं संकटकाळचं बटण केंद्र सरकारने बंधनकारक केलं. नव्या बसमध्ये सीटजवळ किंवा खिडकीवर छोटं लाल बटण दिसतं ते हेच. ते दाबलं की गाडीच्या ठिकाणासकट संकटाचा निरोप जातो. मुलांना सांगून ठेवा, ते खेळायचं नाही.

आता चुकतं कुठे ते सांगते. पहिलं म्हणजे नेटवर्क. आपल्या घाटांत, खाडीकडेला फोनची रेंज जाते, मग यंत्राला ठिकाण कळतं पण निरोप निघत नाही. गाडी नकाशावर एकाच वळणावर अडकलेली दिसते आणि अचानक पुढच्या गावी उगवते. दुसरी चूक माणसाची. यंत्र गाडीला बसवलेलं असतं, फेरीला नव्हे. आज सकाळच्या फेरीला कुठली गाडी सोडली हे आगारातून रोज संगणकाला सांगावं लागतं. ऐन वेळी गाडी बंद पडली, बदली गाडी काढली आणि नोंद बदलायची राहिली, तर फलक बंद पडलेल्या गाडीचीच वाट बघत बसतो. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. कित्येक फलक खरी वेळ दाखवतच नाहीत, वेळापत्रकातली वेळ दाखवतात, फक्त दिव्यांच्या अक्षरांत! ओळखायचं कसं? वेळ टळून गेली तरी आकडा बदलत नसेल, तर ते कागदावरचंच वेळापत्रक आहे असं समजा आणि खिडकीवर जाऊन विचारा. त्या दिवशी आम्ही तिथेच फसलो. काकूंना मी हे आधी सांगू शकले असते तर, असं अजून वाटतं.

रेल्वेचं पण ऐका, कारण रत्नागिरी स्टेशन आपल्याला जवळचं. (आपल्याकडे मांडवी एक्स्प्रेस थांबते, ती आपल्या मांडवीच्या नावाची असं मला लहानपणी वाटायचं. ती गोव्याच्या मांडवी नदीच्या नावाची आहे.) कोकण रेल्वेला पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्या काळात गाड्या हळू चालवतात. पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावर वारा मोजायचं यंत्र आहे. वारा फार झाला की गाड्या रोखतात. त्यात बराचसा मार्ग एकेरी, समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबावं लागतं. म्हणून 'दहा मिनिटं उशिरा' ही गाडी रत्नागिरीला येईतो चाळीस मिनिटांवर जाऊ शकते. घरून निघताना पाहिलेलं पुरेसं नाही, रिक्षात बसताना पुन्हा बघा. साधा बटणांचा फोन असला तरी १३९ नंबरवर गाडीची चौकशी करता येते.

एक तक्रार मात्र माझी फलकांबद्दल आहेच. अक्षरं सरकती असतात. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. आमच्या गटातल्या ज्या बायका साक्षरता वर्गात सही आणि चार ओळी वाचायला शिकल्या, त्यांचं पहिलं अक्षर जुळेपर्यंत गावाचं नाव निघून जातं. त्यांनी काय वाचायचं? म्हणून फलकाबरोबर भोंग्यावरून मराठीत घोषणा हवीच. ती नजर अधू झालेल्यांनाही लागते, आणि झोपलेलं मूल मांडीवर घेऊन पाठमोऱ्या बसलेल्या आईलाही.

आमच्या महिला ग्रामसंघाने गेल्या बैठकीत आगाराला द्यायचा अर्ज लिहिला. फलक नवे लावा असं त्यात मागितलेलं नाही. फेरी रद्द झाली तर ती रद्द झाल्याचं फलकावर आणि भोंग्यावर दोन्हीकडे सांगा, खरी वेळ आणि वेळापत्रकाची वेळ वेगवेगळ्या रंगात दाखवा, आणि एक फलक स्वच्छतागृहाच्या बाहेरून दिसेल असा फिरवा, इतकंच. शेवटची मागणी काकूंची. लिहिताना सगळ्या हसल्या, पण सही करताना कुणी मागे राहिली नाही. तुमच्या गटाला असा अर्ज करायचा असेल तर गाडीची वेळ, मार्ग आणि तारीख घालून लिहा; 'गाड्या वेळेवर येत नाहीत' एवढं लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर टिकत नाही.

ॲप आता आमच्या तीन जणींच्या फोनमध्ये आहे. पावसच्या वैनींना दाखवलं, त्यांनी गाडी सरकताना कौतुकाने बघितली. मग म्हणाल्या, 'यात गाडी भरलेली हाय काय ता खंय दिसता?' त्यांचा मिस कॉल चालू आहे. दोन रिंगांसकट.