पायडल नाही, म्हणून अर्धवट नाही

बॅलन्स बाईकचं चित्र सुतारापुढं ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पायडल कुठं बसवायचं?" बसवायचंच नसतं. दोनेक वर्षांच्या मुलानं सीटवर बसून आधी चालायचं, मग पळायचं आणि वेग आला की दोन्ही पाय उचलायचे. सायकलचा जन्मही असाच झाला. कार्ल ड्राइसनं १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये लाकडी दुचाकी पळवली ती पाय मारत मारतच. पायडल आलं ते १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये.

"पायडलची सायकल घेऊ आणि बाजूला छोटी चाकं लावू," हा सगळ्यांत चिवट गैरसमज. ती चाकं म्हणजे सायकलला जोडलेला पांगुळगाडाच. सायकल वळते ती कलून, आणि ही चाकं तिला कलूच देत नाहीत. वळणावर मूल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि ज्या बाजूला तोल जातोय तिकडे हँडल वळवायचं, ही खरी गोम त्याच्या हाताला कधी कळतच नाही. "चाकं फिरतात म्हणून सायकल उभी राहते" हेही पूर्ण खरं नाही. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी फिरत्या चाकांचा तो परिणाम खोडून टाकणारी दुचाकी बनवली आणि तीही स्वतःचा तोल सावरत गेली. २०११ साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. (भाड्याच्या सायकलीवर शिकलेले आम्ही एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्यानं जमीन ढकलायचो, तेव्हा नकळत तोलच शिकत होतो.)

घरी किंवा सुताराकडून करून घेताना घात करतं ते वजन. जाड लाकूड म्हणजे मजबूत गाडी, असं आपण धरून चालतो. पण १८ मिलिमीटर प्लायचा एक चौरस फूट तुकडाच साधारण किलोभर भरतो. बारा किलोच्या मुलाखाली पाच किलोची गाडी देणं म्हणजे मोठ्या माणसाला पंचवीस-तीस किलोची सायकल देणं. तीन-साडेतीन किलोंत भागवायचं तर १२ मिलिमीटरचं चांगलं मरीन प्लाय घ्यावं आणि जिथं बोल्ट येतो तेवढ्याच जागी जोडपट्टी चिकटवून जाडी वाढवावी. अखंड सागवान दिसतं देखणं, पण त्यातून वळणदार फोर्क कापला की लाकडाच्या रेषा वळणापाशी आडव्या पडतात आणि तडा तिथंच जातो. प्लायचे थर आलटूनपालटून उभे-आडवे असतात, म्हणून ते तग धरतं.

ब्रेक नाही ही उणीव नव्हे. या वयात बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत धड पोहोचत नाहीत, पायच ब्रेक असतात. मात्र म्हणूनच सोसायटीच्या पार्किंगचा उतार वर्ज्य, पायात बंद बूट आणि डोक्यावर पहिल्या दिवसापासून हेल्मेट.

"लाकडी आहे, म्हणजे निर्धोक" हेही रंगाच्या डब्यापाशी अडतं. मुलं हँडल चावतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. माळ्यावर पडलेला त्याआधीचा ऑइलपेंट कितीही चांगला वाटला तरी इथं वापरू नये.

शेवटी माप. कपड्यांसारखी सायकलही वाढत्या अंगाची करून घेण्याचा मोह होतो. टाचा जमिनीला टेकल्या नाहीत तर मूल पाय मारणार कसं? त्याला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, पायांमध्ये पुस्तक धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी. वाढीसाठी सीटच्या दांड्याला अडीच-अडीच सेंटिमीटरवर तीन-चार भोकं पाडून ठेवा. सीट सगळ्यात उंच होईपर्यंत मूल पायडलची सायकल मागू लागलेलं असतं. दुकानदार तिला बाजूची चाकं लावून देईल, ती तिथंच काढायला सांगा.