उदरशूळाचे निदान आणि चुंबकीय प्रतिमा

'पोटात दुखते' हे विधान जितके नित्याचे, तितकाच त्याचा अर्थनिर्णय कठीण. कळ, मुरडा, ठणका, शूळ हे मराठी शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. मुरडा येतो आणि ओसरतो. ठणका लागून राहतो. शूळ या शब्दाच्या मुळाशी तर टोकदार शस्त्राचाच अर्थ आहे. रुग्ण यांपैकी कोणता शब्द वापरतो आणि वेदनेचा क्रम कसा सांगतो, यावरच वैद्याचे पहिले अनुमान उभे राहते. आंत्रपुच्छशोथ, म्हणजे व्यवहारात ज्यास 'अपेंडिक्सचे दुखणे' म्हणतात, त्या विकारात याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो.

मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या उंडुकास जोडलेली बारीक, एका टोकास बंद अशी नळी म्हणजे आंत्रपुच्छ. तिच्या दाहाचे स्वरूप बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये विशद केले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी उजव्या ओटीपोटातील सर्वाधिक दुखऱ्या बिंदूचे स्थान सांगितले. आरंभी वेदना बेंबीभोवती मोघम जाणवते, कारण आतड्याच्या मज्जातंतूंना नेमके स्थान दर्शविता येत नाही. पुढे दाह उदराच्या आतील आवरणापर्यंत पोचला की ती उजवीकडे खाली स्थिरावते.

परंतु हा क्रम सर्वच रुग्णांत आढळत नाही. लहान मुलास तो सांगता येत नाही. गर्भवतीच्या बाबतीत वाढते गर्भाशय आंत्रपुच्छास वर सारू शकते. शिवाय उलट्या होणे व रक्तातील पांढऱ्या पेशी वाढणे या गोष्टी गर्भावस्थेत एरवीही आढळतात. अशा वेळी दोन्ही बाजूंनी धोका असतो. घाईने शस्त्रक्रिया केली तर निरोगी अवयव कापला जाईल. विलंब केला तर आंत्रपुच्छ फुटून उदरात पू पसरेल, आणि गर्भवतीच्या बाबतीत गर्भालाही मोठा धोका संभवेल. सोनोग्राफी निरुपद्रवी असली तरी तिच्यात आंत्रपुच्छ पुष्कळदा दिसतच नाही. सीटी स्कॅन अचूक खरा, पण त्यात क्ष-किरणांचा वापर असल्याने गर्भवती व बालके यांच्या बाबतीत तो शक्यतो टाळला जातो.

चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेल्या एमआरआय तपासणीचे महत्त्व येथे आहे. शरीरातील पाणी व मेद यांत हायड्रोजनची अणुकेंद्रे विपुल असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांना रेडिओलहरींनी क्षणभर विचलित केले असता ती पूर्वस्थितीस येताना जे संकेत देतात, त्यांतून प्रतिमा घडविली जाते. अशी प्रतिमा मिळविण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेदाचा संकेत दाबून घेतलेल्या प्रतिमेत दाहामुळे साचलेला द्रव उजळ दिसतो. सुमारे ७ मिलिमीटरहून अधिक रुंद नळी, जाड झालेली भिंत आणि भोवतालचा उजळ द्रव ही लक्षणे एकत्र आढळल्यास निदान बळकट होते. गर्भवतीस गॅडोलिनियमयुक्त औषध न टोचताही ही तपासणी करता येते. अशा तपासण्यांच्या एकत्रित आढाव्यांत तिची अचूकता ९० टक्क्यांहून अधिक आढळली आहे. बीजांडकोषाला पडलेला पीळ, मूत्रवाहिनीचा अवरोध यांसारखी उदरशूळाची अन्य कारणेही तीत दिसू शकतात.

तथापि या प्रतिमेचे वाचन हीही एक विद्याच आहे. आंत्रपुच्छ दिसले नाही, एवढ्यावरून ते निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. भोवताली दाहाची चिन्हे नसतील, तर विकाराची शक्यता कमी होते, इतकेच. तपासणीसाठी रुग्णाने निश्चल पडून राहावे लागते, आणि हृदयाची गती राखणारी काही जुनी उपकरणे शरीरात असल्यास ती करता येत नाही. आपल्या देशात मोठ्या शहरांबाहेर मध्यरात्री यंत्र व तज्ज्ञ दोन्ही उपलब्ध असतीलच असे नाही. ज्या रुग्णाची लक्षणे स्पष्ट आहेत, त्यास केवळ प्रतिमेसाठी ताटकळत ठेवणे अहितकारकच ठरेल.

सारांश, रुग्णाचे कथन आणि वैद्याचा हात यांच्या साक्षीने जो प्रश्न सुटत नाही, त्याच्यासाठी ही तिसरी साक्ष आहे. तो प्रश्न नेमका मांडला गेला, तरच प्रतिमेतील उत्तराला अर्थ येतो. आणि त्याची पहिली मांडणी रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांतच होत असते.