घास नेमका कोठे अडतो?

नागलीची भाकरी घशाखाली उतरेनाशी झाली, की माणूस ती कालवणात भिजवून खाऊ लागतो. पुढे नुसत्या पेजेवर दिवस काढतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अशा दुखण्याची वाच्यता पुष्कळदा रुग्ण खंगल्यावरच होते. विजेरी धरून पाहिले तर घसा स्वच्छ दिसतो, आणि मग 'काही नाही' म्हणून सारे गप्प बसतात.

वस्तुतः अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असून अडथळा नेहमी तिच्या पोकळीतच असतो असे नाही. वाढलेली थायरॉईड ग्रंथी किंवा क्षयाने सुजलेल्या गाठी तिला बाहेरून दाबतात. कधी गाठ नलिकेच्या भिंतीतच वाढते व वरचे अस्तर मात्र अभंग राहते. अशा ठिकाणी श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच सोनोग्राफी, उपयोगी पडते. समुद्रात माशांचे थवे शोधणाऱ्या यंत्राचे तत्त्व धाकट्या डहाणूच्या मच्छीमारांना समजावून सांगण्याची गरज नाही; येथेही ध्वनी आत सोडला जातो व परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. या तपासणीतील कंपने लक्षावधी असतात. मानेवर यंत्राचा दांडा फिरवला, की थायरॉईड, गाठी व अन्ननलिकेचा वरचा भाग दिसतो. गाठ दिसल्यास त्याच चित्राच्या आधारे बारीक सुई घालून नमुना घेता येतो आणि ती क्षयाची की कर्करोगाची, याचा उलगडा होऊ शकतो.

मात्र हाड व हवा यांतून हा ध्वनी पार जात नाही. त्यामुळे छातीच्या हाडामागे उतरलेल्या गलगंडासाठी सी.टी. स्कॅन करावा लागतो. नलिकेच्या भिंतीतील गाठीसाठी मुंबईसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीच्या टोकाशीच ध्वनियंत्र बसवून आतून तपासणी करतात. रक्तक्षय झालेल्या स्त्रियांत क्वचित नलिकेच्या वरच्या टोकाशी पातळ पडदा धरतो. तो शोधण्यास बेरियम पाजून घेतलेले क्ष-किरण चित्र किंवा दुर्बीणच हवी.

सोनोग्राफी ही गरोदर स्त्रियांचीच तपासणी, असा एक समज आहे. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याचे फलक सोनोग्राफी केंद्रांवर लावलेले असतात, त्यामुळे तो अधिकच दृढ झाला असावा. पुरुषांनी त्यापायी संकोच करण्याचे कारण नाही.

डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये, तर तलासरीस ग्रामीण रुग्णालय आहे. प्रथम तेथे दाखवावे. पुढे कोठे जायचे ते तेथील डॉक्टर सांगतील. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: आधी भाकरी अडू लागली व मागाहून पेज, की दोन्ही आरंभापासूनच अडतात. पहिल्या प्रकारात वाट अरुंद झाल्याची शंका येते, दुसऱ्यात स्नायू वा मज्जातंतूंच्या विकाराची. स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.