अम्मीचे हात आणि रमजानचा ओटा

सहेरीला उठण्याची वेळ आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने सांधे सर्वांत जास्त आखडलेले असण्याची वेळ जवळपास एकच. पहाटे बोटे मिटत नाहीत, मनगट वळत नाही. हा ताठरपणा तासाहून अधिक टिकू शकतो. त्याच हातांनी घरातली अम्मी कणीक मळते, कुकरचे झाकण लावते आणि फजरच्या अजानआधीच दिवसाची निम्मी ताकद संपवून बसते. घरचे म्हणतात, ‘अम्मी, राहू द्या.’ पण परात कोणी हातात घेत नाही!

कुरआनच्या सूरह बकरातील 184 व 185 या आयतींनी आजाऱ्याला रोजाची सवलत दिली आहे. राहिलेले रोजे बरे झाल्यावर करावेत. ज्याला ते पुढेही झेपणार नाहीत, त्याने फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावे. प्रत्यक्षात मात्र सवलत घेणारी बाई गोळीपुरते पाणीही दाराआड पिते आणि रोजा नाही या संकोचापोटी दुप्पट राबते. आजार बळावतो तो इथे. काहीजणी तर रोजासाठी स्टेरॉइडची गोळी परस्पर बंद करतात. ते धोक्याचे आहे; गोळीची वेळ डॉक्टरांनाच विचारावी.

शक्ती जपून वापरणे हा ऑक्युपेशनल थेरपीत उपचाराचाच भाग मानला जातो. कणीक रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवावी, तीही दुसऱ्या कोणी. ओट्यापाशी उंच स्टूल हवे. भरलेले पातेले उचलू नये, सरकवावे. रिकामे शेगडीवर ठेवून तांब्याने पाणी ओतावे. डबा चिमटीत न धरता दोन्ही तळहातांवर घ्यावा. पळीच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड केली की बोटांवरचा ताण कमी होतो. हलीम घोटणे हे घरातल्या तरुण मुलाचे काम.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थकण्याआधी बसणे. ‘आज बरे वाटतेय, उरकून घेते’ म्हणत असर ते मगरिब भजी तळली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. गंमत अशी, की तरावीह हा शब्दच विसाव्याशी नाते सांगतो. दर चार रकअतींनंतर थोडे बसण्याची रीत आहे. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर नमाज पढावी, अशी हदीस आहे. नमाजेला जी मुभा आहे, ती भज्यांना का नसावी?

शीरखुर्म्याचा सुका मेवा चांदरातीला एका बैठकीत कापायचा नाही. विसाव्या रोजापासून रोज वाटीभर, आणि तोही पोरांनी. शेवया मात्र अम्मीच भाजणार, ती कोणाला हात लावू देणार नाही. तेव्हा स्टूल आधीच शेगडीपाशी आणून ठेवावे.