माकडतापाची तयारी पावसाळ्यातच हवी

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली सापडलेला माकडताप २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. रानात माकडे मरू लागली की यंत्रणा जागी होते. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या, हा ताप पसरवणाऱ्या गोचिडी आसपास पसरतात, त्यामुळे ही धावपळ आवश्यकच आहे. पण ती फार उशिराची आहे. पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांचे आणि गव्यांसारख्या मोठ्या जनावरांचे रक्त पितात ते मुख्यतः पावसाळ्यात. रक्त पिऊन टरारलेली मादी गळून पडते आणि पाचोळ्यात शेकडो-हजारो अंडी घालते. पाऊस सरल्यावर निघालेली पिल्ले उंदरांना, पक्ष्यांना, माकडांना चिकटतात. तिथे माकडतापाचा विषाणू मिळाला, तर कात टाकल्यावरही तो त्यांच्या शरीरात राहतो. मग डिसेंबरपासून मेपर्यंत तिळाहून लहान अशा या अर्धवट वाढलेल्या गोचिडी माणसाला चावतात. नेमक्या याच दिवसांत काजू वेचायला, गुरे चारायला, गोठ्यात अंथरायचा पातेरा आणायला माणसे रानात असतात.

म्हणून पावसाळ्यातच गुरांना गोचीडनाशक द्यायला हवे. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, मग त्यांच्यावर खर्च कशाला, असे कुणी विचारेल. पण गुरे विषाणू वाढवत नसली तरी गोचिडी वाढवतात, आणि त्यांची पैदास गावाला लागून असलेल्या चराईच्या वाटांवर होते. गव्यांना औषध लावता येणार नाही हे खरे. म्हणून हा उपाय पुरा पडणार नाही आणि गोचिडी दूर ठेवण्यासाठी माणसांनी अंगाला लावायच्या तेलाची गरजही उरेलच. तरीही जूनमध्ये जनावरांना गोचीडनाशक देणे टाळण्याचे ते कारण होत नाही. जुन्या लशीचा गुण अपुरा ठरला आहे, विषाणूवर नेमके औषध नाही आणि दर शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. ‘रानात जाऊच नका’ हा सल्ला तर ज्यांचे पोट रानावर आहे त्यांना देण्यात अर्थच नाही. रुग्ण आरोग्य खात्याचे, गुरे पशुसंवर्धन खात्याची, माकडे वनखात्याची अशी वाटणी असल्यामुळे पावसाळ्यातले हे काम कुणाचेच राहत नाही. ते पशुसंवर्धन खात्याने अंगावर घ्यावे, आदल्या हंगामात रुग्ण सापडलेल्या गावांपासून सुरू करावे, आणि औषधामुळे काही दिवस दूध विकता येणार नसेल तर त्याची भरपाईही सरकारने द्यावी.