शेतराखणीची रायफल आणि तिचें तेल

पावसाळा सरून भात पोसूं लागलें कीं रानडुकरांचे कळप शेतांत उतरतात. मग ज्या शेतकरी बंधूंजवळ परवान्याची रायफल आहे, ते ती चार महिन्यांनीं पेटींतून बाहेर काढतात. अशा वेळीं बार न उडणें, बोल्ट जड चालणें, नळींत गंज आढळणें हे प्रकार नेहमींचे आहेत. तेल कमी पडलें म्हणून असें झालें, ही सर्वसाधारण समजूत. आमच्या मतें दोष बहुधा भलतें तेल भलत्या जागीं घातल्याचा असतो.

इच्छापूरच्या सरकारी कारखान्यांत घडविलेली .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे परिचयाची आहे. तिची घडण लष्करी ली-एन्फील्डवरून घेतलेली आहे. प्रथम मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, काडतूस आंत नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें व बोटानें चांचपावें. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं. नंतर बोल्ट बाहेर काढून फडकें मागील बाजूनें घालून तोंडाकडे ओढावें. तोंडाची कड झिजली कीं नेम बिघडतो.

आतां तेलाविषयीं. खोबरेल थंडींत गोठतें. जवसाचें व करडईचें तेल हवेनें सुकून चिकट होतें. तें बोल्टच्या पोटांत गेलें म्हणजे धूळ धरतें, पिनेचा ठोका मंदावतो आणि बार उडत नाहीं. लोखंडास पातळ खनिज तेलच वापरावें, शिवणयंत्राचेंही चालेल. जवसाचें तेल मात्र दस्त्याच्या लांकडास उत्तम. बोल्टच्या मागील ज्या दोन खुंट्या बाराचा धक्का सोसतात, त्यांस किंचित् वंगण द्यावें. इतरत्र बोटास ओशट लागेल इतकाच पातळ थर पुरे.

काडतूस बसतें ती जागा व नळी बार काढण्यापूर्वीं कोरडी पुसलीच पाहिजे. बाराच्या वेळीं पितळी टोपण फुगून भिंतीस घट्ट धरतें व धक्क्याचा कांहीं भाग तेथेंच जिरतो. मध्यें तेल असल्यास ती पकड सुटते आणि सारा भार बोल्टवर, म्हणजे झाडणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर येतो. त्याच कारणास्तव एका रायफलीचा बोल्ट दुसरीस कधींही घालूं नये.

जुन्या काडतुसांच्या टोपींतील रसायनापासून नळींत एक क्षार राहतो. तो ओल ओढून गंज चढवितो. तेलांत तो विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून अशीं काडतुसें झाडल्यास त्याच दिवशीं नळींतून उकळतें पाणी ओतावें, कोरडें पुसावें व मग तेलाचा हात फिरवावा.

पावसाळ्यांत दर पंधरवड्यास रायफल पाहावी. कातडी वा कापडी गवसणी ओल धरते. तींत ती ठेवूं नये. निवडणुकीच्या वेळीं ठाण्यांत जमा करतांना तेलाचा हात द्यावा व परत मिळतांच नळी तपासावी.

बार न उडाल्यास घाईनें बोल्ट ओढूं नये. तोंड निर्धोक दिशेस रोखून निदान अर्धा मिनिट थांबावें, कारण बार उशिरांही उडूं शकतो. आणि रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें वनखात्याची अनुज्ञा आधीं घ्यावी लागते, हें आमच्या बंधूंनीं विसरूं नये.