काविळीचं वय (लेखांक 6)

पुण्याजवळ हिंजवडीत सकाळी सोसायट्यांच्या फाटकांशी पाण्याचे टँकर उभे असतात आणि त्यांच्या बाजूने पंचविशी-तिशीतली मुलंमुली घाईने ऑफिसला निघालेली असतात. आजचा लेखांक या दोघांबद्दल आहे, पण सुरुवात साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या नळ्यांपासून करावी लागेल.

गेल्या आठवड्यात दिल्लीची 1955-56 ची साथ पाहिली. सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी तिला हिपॅटायटिस ए मानलं. पंचवीसेक वर्षांनी, 1980 मध्ये, रुग्णांच्या जपून ठेवलेल्या सीरमची, म्हणजे रक्तातल्या द्रवाची, तपासणी झाली आणि तो ए नव्हता हे उघड झालं. पुढे त्या विषाणूला ई हे नाव मिळालं.

साठवलेल्या सीरमला योग्य प्रश्न विचारायचं काम पुण्यात अनेक वर्षं चाललं, ते राष्ट्रीय विषाणू संस्थेत. तिथे डॉ. विद्या अरणकल्ले यांनी हिपॅटायटिसच्या अभ्यासाला कारकिर्दीचा मोठा भाग दिला. 1994 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या पाण्यावाटे पसरलेल्या साथींचे जुने नमुने तपासून दाखवलं, की या साथींमागे बहुतेक वेळा ई होता. एका साथीत मात्र ना ए सापडला, ना ई. तिसरा कोणी असावा, असं त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच लिहिलं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा पुण्याचा अभ्यास. 1982 आणि 1992 अशा दोन वेळी घेतलेल्या पुणेकरांच्या सीरममध्ये वयानुसार अँटीबॉडी पाहिल्या गेल्या. ए ची लागण बालपणीच जवळपास सगळ्यांना होऊन गेलेली होती. ई च्या अँटीबॉडी लहान मुलांत फार थोड्या, मोठ्यांत मात्र बऱ्याच. दोन्ही विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. मग एक पाळण्यापाशी गाठतो आणि दुसरा कमावत्या वयात, असं का? याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर आजही नाही.

त्यानंतरच्या अभ्यासात, 1998 पर्यंतचे नमुने पाहताना, चित्र हललेलं दिसलं. सुखवस्तू घरांतल्या मुलांत ए च्या अँटीबॉडी कमी होऊ लागल्या होत्या. पाणी सुधारलं, घरात फिल्टर आला, मुलं त्या विषाणूपासून वाचली. पण सहा वर्षांखालच्या मुलाला ए झाला तर बहुतेकदा कळतही नाही. तोच विषाणू मोठ्या माणसाला झाला तर दहातल्या सात जणांना कावीळ होते, आणि महिनाभर अंथरूण सुटत नाही. म्हणजे स्वच्छ पाण्यावर वाढलेला मुलगा नोकरीसाठी हिंजवडीत येतो, मेसचं जेवतो, टँकरचं पाणी पितो, तेव्हा ए आणि ई या दोघांनाही तो कोराच भेटण्याची शक्यता असते. शिवाय लागणीनंतर लक्षणं दिसायला ए ला साधारण चार आठवडे लागतात, ई ला कधी दहाही. डोळे पिवळे होतात तोवर तो टँकर कुठल्या विहिरीवर भरला होता हे शोधणार कोण?

ए ची लस खासगी दवाखान्यात मिळते. राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. हिपॅटायटिस बी ची आहे. आपल्या मुलांना लस द्यायची की नाही, हे ठरवताना पुण्यातल्या त्या सीरमची माहिती डॉक्टरांच्या हाताशी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ई चं काय? 2003 मधल्या निबंधात याच गटाने दाखवलं, की सांडपाण्यात काम करणाऱ्या कामगारांना ई चा धोका जास्त असतो. शहराचं पाणी ज्यांच्यामुळे स्वच्छ राहतं, त्यांच्यावरच हा भार. दुसरा भार गरोदर बाईवर: शेवटच्या तिमाहीत ई झाला तर शंभरातल्या वीसपर्यंत जणी दगावू शकतात. चीनने ई ची लस 2011 च्या अखेरीस मंजूर केली. पुण्यातही अरणकल्ले यांच्या गटाने ई साठी लस-उमेदवार तयार करून माकडांवर तपासले, त्याचा निबंध 2009 साली आला. डीएनए आणि प्रथिन एकत्र, चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून द्यायचं, ही त्यातली एक कल्पना. आजही आपल्याकडे गरोदर बाईला ई पासून जपायचं म्हणजे पाणी उकळून प्यायला सांगायचं.

(पुढील लेखांक : मोडासा, 2009 : सुई आणि हिपॅटायटिस बी)